आधीच्याही आधीचं

मंगळवारी संध्याकाळी सात वाजता
सेंत-नाझेरच्या गोदीमागे, युनियनच्या खोलीत
मी फळ्यावर एक घर काढते.
दार, जिना, खिडकी, माळ्यावर पलंग.
येणं दारातून, जाणं दारातून,
चढणं-उतरणं जिन्यावर,
पडणं खिडकीतून,
इथे सगळे हसतात, दर वर्षी हसतात,
जन्मणं आणि मरणं त्याच एका पलंगावर.
ही क्रियापदं 'एत्र'ची, मी सांगते.
ह्यांच्या हाती काही उरत नाही.
खाणं, विकणं, विसरणं, सांधणं
ही 'आव्वार'ची, जवळ बाळगणाऱ्यांची.
त्यांचं बरं चालतं.

आता दोघांनाही एक पाऊल मागे न्या:
आव्हे. एते.
एक गोष्ट घडली, तिच्याआधी दुसरी घडून गेलेली.
हा काळ एकटा उभा राहत नाही,
टेकायला दुसरा भूतकाळ लागतो,
शिडीला भिंत लागते तसा.

सनाइत लिहिते: बस आली तेव्हा माझी छत्री हरवली होती.
मिर्झेत लिहितो: मी पोचलो तेव्हा त्यांनी सगळी कोळंबी संपवली होती.
शाबास.
कोळंबीचं खरंच असणार,
तो अजून रागात आहे.

आबीलियू लिहीत नाही.
एकाहत्तर वर्षांचा. चाळीस वर्षं जहाजांचे पत्रे सांधले,
मनगटांवर ठिणग्यांचे पांढरे ठिपके.
बोलतो धडाधड, लिहिताना मात्र
पेन्सिल अशी लांब धरतो
जशी काही तीच पेट घेईल.

"बाई, आमच्याकडे ह्याला एकच शब्द पुरतो.
मुरेरा. मेली होती, एका दमात.
पण तसं कुणी बोलत नाही.
फक्त पाद्री, तोही पुस्तकातून."

मग वही सरकवतो.
एल एते पार्ती.
मी पोचलो तेव्हा ती गेली होती.

लाल पेनानं मी शेवटी एक मुकं अक्षर जोडते.
"हे ऐकू येत नाही," तो म्हणतो.
नाही येत. पण जाणारी बाई असली
तर लिहावं लागतं.

"कुठे गेली होती?" सनाइत विचारते.
तिला वाटतं, बाजारात.

गुरुवारी तार आली होती, तो सांगतो.
शनिवारी जहाज पाण्यात सोडायचं होतं.
मुकादम म्हणाला, तेवढं होऊ दे.
मग दोन रात्री गाडीत, एक बस, पुढे डोंगर पायी.
शेजारणींनी भांडी घासली होती,
घोंगड्या धुऊन कुंपणावर टाकल्या होत्या,
कोंबड्या वाटून घेतल्या होत्या.
मला एक ठेवली होती. लंगडी.

"मग पार्ती नको. मोर्त लिहू?"
लिहा. इथे ते मुकं अक्षर मुकं नाही,
त्याच्यामुळे 'त' बोलतो.
पण एक सांगायला हवं, मी म्हणते,
हे वाक्य दोन्हीकडे झुकतं.
एल एते मोर्त: तिनं प्राण सोडला होता.
एल एते मोर्त: ती मेलेली होती.
अक्षरं तीच. एक घटना आहे, एक अवस्था.
कुठली, ते व्याकरण सांगत नाही.
तीस वर्षांत मला कुणी विचारलंही नव्हतं.

तो पेन्सिल खाली ठेवतो.
"वाटेत होतो तोवर पहिलं," म्हणतो.
"दारात पोचलो तेव्हा दुसरं."

मिर्झेत खिडकी लावतो. हवा काही नव्हती.

पुढच्या मंगळवारी 'सी'चा धडा.
जर कळलं असतं. जर थांबलो नसतो.
हाच काळ, हीच रूपं, नुसतं पुढे एक 'जर'.
वगळावा का, ठरत नाही.

फळा आबीलियूच पुसतो, सवयीनं,
वरून खाली, रंगाऱ्यासारखा.
जिना गेला, दार गेलं.
पलंगापर्यंत त्याचा हात पोचला नाही
की पोचवला नाही, मी विचारलं नाही.

कुलूप लावून खाली आले
तेव्हा भुरभुर सुरू होऊन बराच वेळ झाला होता,
आणि माझ्या सायकलच्या सीटवर
कुणीतरी प्लास्टिकची पिशवी
नीट गाठ मारून बांधली होती.