सतरा मिनिटं

फोन आला तेव्हा मी कुणाच्या तरी केळीत
गुडघ्यावर बसून टाचणीने
बुजलेले ड्रिपर मोकळे करत होतो.
थंडीने पानांना चरका बसलेला.
"अडावदला या. आमच्या घराला चाकं आहेत,
निंबाखाली उभं आहे, दिसेल."

दिसलं. पांढरा ट्रेलर, पुढे जुनी जीप.
बांधणारे बोरसे, भुसावळच्या शेडमधून निवृत्त फिटर.
आत ओटा, शेगडी, रेल्वेच्या बेताचे दोन बर्थ,
साठ लिटरची निळी टाकी, बॅटरीवरचा पंप,
आणि द्वारकाबाई, मांडीवर वही घेऊन.
वहीत रात्रीची वेळ लिहिलेली:
एक चौदा. एक एकतीस. एक अठ्ठेचाळीस. दोन पाच.
"नळ कोन्ही उघाडा नही," त्या म्हणाल्या,
"तरी हाऊ गुरगुरस."

बोरसेंनी दोनदा पंप बदललेला.
फ्यूज बदलला, जाळी धुतली,
एकदा रागाने पंपाला लाथही घातली
(हे द्वारकाबाईंनी सांगितलं).
मी म्हटलं, पंपाचा काही गुन्हा नाही.
दाब उतरल्याशिवाय तो उठत नाही.
कुठेतरी पाणी जातंय.
"जातंय तर दिसत का नाही?"
छत्तीस वर्षं इंजिनांच्या गळत्या काढलेला माणूस
हे विचारताना फरशीकडे बघत होता.

पंपापुढची चावी बंद केली.
अर्धा तास पंप गप्प.
म्हणजे मागे टाकीत उतरत नाही,
पुढेच कुठेतरी.
मग चावी उघडून एकेक सांधा फडक्याने कोरडा पुसला,
प्रत्येकाखाली पेपरचा तुकडा अंथरला:
ओट्याखाली कापसाचे भाव,
मोरीच्या कोपऱ्यात निधनवार्ता,
द्वारकाबाईंच्या बर्थखाली शब्दकोडं.
आणि बसलो.

चहा झाला, बाहेरच्या कळशीतल्या पाण्याचा.
टाकीचं पाणी रबरासारखं लागतं म्हणे.

बसल्या बसल्या हसू आलं.
माझा धंदाच थेंबाचा.
तासाला चार लिटर, बुंध्याशी,
ना कमी ना जास्त.
थेंब पडला नाही की लोक बांधावरून शिव्या देतात.
इथे पडतो म्हणून बोलावलं.

पंप गुरगुरला. कुणी काही बोललं नाही.
मी बॅटरी घेऊन आडवा झालो.
कापूस कोरडा. निधनवार्ता कोरडी.
शब्दकोड्यात आडवे सात
रुपयाएवढं भिजलेलं.

वर एक एल्बो. त्यावर टेप, टेपवर टेप,
खाली केसाएवढी चीर.
पान्याने आवळलेला.
"हाताने फिरवायचा," मी म्हटलं, "मग पाव फेरा. बस."
"इंजिनात असं चालत नाही."
"हे इंजिन नाही. प्लास्टिक आहे."
बोरसे जरा वेळ गप्प.
द्वारकाबाईंनी पेनाला टोपण लावलं.

माझ्या पिशवीतले एल्बो सगळे शेताच्या मापाचे.
स्टँडवरच्या दुकानात गेलो, मालक जेवायला,
त्याच्या पोराने बादलीभर फिटिंग पालथं घातलं
तेव्हा कुठे अर्ध्या इंचाचा एक सापडला,
धूळ खाल्लेला.
बसवताना पाना बोरसेंच्या हातात दिला.
त्यांनी पाव फेरा दिला
आणि हात असा मागे घेतला
की जणू झोपलेलं पोर पाळण्यात ठेवलं.

टाकीत ब्लीचिंगचं पाणी रात्रभर मुरू दिलं,
मीही तिथेच जीपमध्ये पडलो.
सकाळी दोनदा धुऊन काढलं,
निंबाच्या मुळापासून लांब, मुरमाकडे.
मग नवं पाणी.

द्वारकाबाईंनी नळाखाली भांडं धरलं.
पंप तीन सेकंद बोलला, थांबला.
भांडं त्यांनी तसंच हातात ठेवलं.
बोरसे घड्याळाकडे, मी पंपाकडे.
बाहेर कुणीतरी बैल हाकत गेलं.
दहा. बारा.
सोळाव्याला बोरसेंनी उगाच खाकरून घेतलं.
सतरा.
अठरावं सरलं,
मग त्यांनी भांडं तोंडाला लावलं
आणि म्हणाल्या,
"आते पानीसारखं लागस."