दोन माणसांचं भाडं

दगडांच्या ढिगांना चुना लावायचं काम झोद्वाकडे.
जानेवारीच्या आधी, दरवर्षी. बादली, कुंचला,
गुडघ्यांखाली खताचं दुमडलेलं पोतं.
चुना लावणे, आमच्या भाषेत याचा भलताच अर्थ होतो.
तिला सांगितला नाही.

एकेका ढिगाखाली किती गोरे शिपाई,
नक्की कुणालाच ठाऊक नाही.
वेल्सहून आलेल्या एक बाई
कागदावरचं आडनाव शोधत फिरत होत्या,
टोपी वाऱ्यात दाबून धरत.
भाला आखूड कसा धरायचा, ते गाइड
मिटलेल्या छत्रीने दाखवत होता.

‘आणि तुमचे?’
झोद्वाने कुंचल्यानेच दाखवलं:
गवत. ओहोळ. त्या पलीकडची बिळं.
ढालींवरून नेले ते नेले,
राहिले ते शेळ्या चरतायत तिथेच कुठेतरी.
चुन्याचे दोन थेंब गवतावर पडले.
तिने ते बोटाने पुसले.

दुपारी झुंगू आजोबा आले. एवढ्या उन्हात कोट.
हातात फांदी, आपल्या बोरीच्याच जातीची,
एक काटा सरळ, एक मागे वळलेला.
ओहोळाच्या काठी बसले, फांदी जमिनीला टेकवली
आणि हाका मारू लागले, हळू,
दमून झोपलेल्या पाहुण्याला जेवायला उठवतात तसं.
बापाचं नाव, आज्याचं, मग त्याचं.
झोद्वा माझ्या कानाशी अर्थ सांगत होती:
‘उशीर झाला, म्हणतायत. गाडीभाड्याचं जमत नव्हतं.’

परतीची टॅक्सी चौदा जणांची. आम्ही सतरा.
आजोबांनी दोघांचे पैसे मोजले.
ड्रायव्हरने दोघांचे घेतले, काही विचारलं नाही.
खिडकीजवळची जागा फांदीला.
एक बाई तान्ह्या पोराला घेऊन क्रेटवर बसली,
माझी बॅग माझ्याच मांडीवर, पाय बधिर,
आणि ती जागा
अख्खीच्या अख्खी रिकामी.

आजोबा आता आमच्यापैकी कुणाशी बोलत नव्हते.
फक्त त्याच्याशी:
ही नदी. आता पूल झालाय, पाय भिजणार नाहीत.
ही शाळा.
हा खड्डा, धरून बसा.

अंधार पडला तेव्हा पेट्रोल पंपावर थांबलो.
वर ट्यूबलाइटींची रांग, भगभगीत.
आजोबा फांदीकडे वाकले, बराच वेळ कुजबुजत राहिले.
मी झोद्वाकडे पाहिलं.

‘दिवे आहेत, म्हणतायत.
आग नाही.
कुणाचं घर जळत नाहीये.’