सूची दोन

दस्त लिहिणारे पाटणकर चष्म्यावरून बघत म्हणाले,
"एकट्या वहिनींच्या नावावर घ्या,
मुद्रांकात एक टक्का सुटतो."
अठरा लाखांचे अठरा हजार.
गुंजेची चूक न करणारे आमचे हे
पंख्याकडं बघत राहिले.
साक्षीदार म्हणून आलेले धाकटे भावजी
एकदम उठले, पाणी प्यायला गेले.

नेल्लोरला बावीस वर्षं.
खाली दुकानाची खोली नायडूंची,
वर राहायची खोली नायडूंच्या बहिणीची,
भिंतीत खिळा ठोकायचा तर जिना उतरून विचारायचं.
गॅसचं कार्ड ह्यांच्या नावावर,
रेशन इकडं विट्यात सासऱ्यांच्या,
माझ्या नावावर एक शिलाई मशीन, तेही हप्त्यावर.
दुसऱ्याच्या नावाखाली कसं बसायचं
ते मला चांगलं माहीत आहे.
पाय जरा आखडून.
खोकलासुद्धा जरा खाली ठेवून.
ह्यांना तसं बसलेलं मला बघायचं नव्हतं,
माझ्या घरात तर नाहीच.

म्हणून म्हटलं, "दोघांचं घाला."
"अठरा हजार जातील, वहिनी."
"जाऊ द्या."
ह्यांनी तेव्हा माझ्याकडं पाहिलं,
मुशीतलं सोनं वितळलं का ते बघतात तसं,
डोळे बारीक करून.

मग हिस्सा किती, ते विचारलं.
काही लिहिलं नाही तर निम्मं निम्मं धरतात म्हणे.
दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागं एक लिंबू,
त्याला चार काटे आणि एकच फळ.
काही लिहू नका म्हटलं.

आत कॅमेऱ्यापुढं बसवलं.
काचेवर अंगठा ठेवला. मशीन गप्प.
पदराला पुसला. गप्प.
ह्यांच्या रुमालाला पुसला, तरी गप्प.
मशीनवरची पोरगी विशीतली,
मान वर न करता म्हणाली, "गलाई का, काकू?"
विट्यात हे कुणाला सांगावं लागत नाही.
भट्टीनं आणि तेजाबानं
रेघा कधी नेल्या, कळलंच नव्हतं.
सातवी झालेली मी, सगळीकडं सही केली,
अंगठ्याची कधी गरज पडली नाही.
पडली तेव्हा बघते तर कोरा.

ह्यांचाही कोराच निघाला.
शेवटी माझी करंगळी लागली,
ह्यांचं डाव्या हाताचं मधलं बोट.
"चोरी केली असती तर सापडलो नसतो," हे म्हणाले,
आणि पोरगी इतकी हसली
की फोटोत आमचेही दात आलेत.

कागद हातात आला.
एक, हिंदुराव ज्ञानू मुळीक.
दोन, शालन हिंदुराव मुळीक.
चहाच्या टपरीवर मी दाखवलं,
"बघा, तुम्ही दोनदा आलाय.
तुमच्यातबी तुम्ही, माझ्यातबी तुम्हीच."
त्यांनी बोट ठेवून वाचलं. बराच वेळ.
बशीतला चहा निवला, त्यावर साय धरली.
"मग तू किती आलीस?"
"उरलेली," मी म्हटलं.
मी हसण्यावारी नेलं.
त्यांनी नाही नेलं.

विकणाऱ्यानं चावी एकच दिली होती.
स्टँडसमोर मोडक्या छत्रीखाली चावीवाला बसतो,
त्याला म्हटलं, अशीच अजून एक.
चाक फिरलं, पितळेचा भुगा उडाला,
आणि ह्यांचा हात आपोआप खाली गेला.
उभ्या जन्मात कण वाया घालवला नाही,
दुकान झाडलेली धूळसुद्धा आम्ही जपून ठेवायचो.
"अवो, पितळ हाय ते."
"ठावं हाय," म्हणाले,
आणि तळहात तसाच धरून उभे राहिले
दुसरी चावी होईस्तोवर.