आगापीछा

नोव्हेंबरातल्या काळोखात, सकाळी सहाला,
एहा धक्क्यावर उभी.
टोपलीत राय पिठाचा पाव, वर टॉवेल,
मुठीत छापील कागद: पहिली बोट सव्वासहा.
बोट आली आठला.

कागद खोटा नव्हता.
वेळा खऱ्याच होत्या, उन्हाळ्याच्या,
पण ‘उन्हाळा’ हा शब्द राहायचा वरच्या चौकटीत.

हिल्लारनं साइट तीन फ्रेममध्ये मांडलेली:
वर बोटीचं चित्र आणि ऋतू,
डावीकडे यादी, उजवीकडे वेळा.
समोरच्या दारानं आलात की तिघं एकत्र भेटत.
पण सर्च इंजिन कुठं दारानं येतं?
त्यानं उजवं पान तेवढं उचललं
नि एहाच्या नातवापुढे ठेवलं,
आगा ना पीछा.

तायमी तिकिटं फाडते.
दोन बोटींच्या मध्ये जावास्क्रिप्ट लिहिते, हातमोजे काढून.
उघडल्या उघडल्या पानानं स्वतःला विचारायचं:
माझ्यावर कुणी आहे का?
‘टॉप’ आणि ‘सेल्फ’ एकच निघाले
तर मीच माझं छप्पर,
मग थांबायचं नाही.
पत्त्याला प्रश्नचिन्ह, प्रश्नचिन्हाला आपलं नाव बांधून
मूळ चौकट गाठायची,
तिनं नाव वाचून उजवी जागा द्यायची.

पहिल्या दिवशी बॅक दाबणारे सगळे अडकले.
मागे जावं तर पान पुन्हा पुढे ढकले,
खवळलेल्या पाण्यात धक्का न सापडणाऱ्या बोटीसारखं.
मग तिनं ‘रिप्लेस’ लिहिलं:
पाऊल टाक, ठसा ठेवू नकोस.

जानेवारीत एका हॉटेलानं
आमच्या वेळा स्वतःच्या फ्रेममध्ये बसवल्या,
वर सौनाची जाहिरात.
आता उलटा पहारा.
वरच्याचा पत्ता विचारायचा;
ब्राउझरनं वाचायला नकार दिला की समजायचं, परका.
चौकट फोडून बाहेर.

“एकदा ठरव,” हिल्लार म्हणाला,
“पानानं एकटं राहू नये, की कुणाकडे राहू नये?”
“कुणाकडे, ते बघून,” तायमी म्हणाली.

तो काचेतून धक्क्याकडे बघत राहिला.
“इथं यायलाही परवाना लागायचा गं.
आमचं अख्खं बेट तेव्हा दुसऱ्याच्या फ्रेममध्ये उघडायचं.
वरच्या पट्टीवर भलतंच नाव,
आणि असली एक ओळ लिहायची सोय नव्हती.”

मार्चात एहा पुन्हा आली.
नातवानं या वेळी दारानं जाऊन, तिन्ही फ्रेम बघून,
प्रिंट दाबलं होतं.
प्रिंटरनं उजवी फ्रेम तेवढी छापली.

तायमीनं कागद उलटासुलटा केला.
कोड बंद केला.
वेळांच्या माथ्यावर, त्याच पानात,
साध्या ठळक अक्षरांत टाइप केलं: हिवाळी.

पाव अजून कोमट होता.
टॉवेल बाजूला सारून एहानं तिच्यापुढे धरला,
आणि विचारलं, हे तू आधीच का नाही केलंस.