साडेतीन लिटर

पुस्तिकेत छापलंय : गिअरबॉक्सचं तेल आयुष्यभराचं.
कुणाच्या आयुष्यभराचं, ते छापलेलं नाही.
गाडी एक लाख अठरा हजार चाललेली,
मी एकोणपन्नास,
आणि लातूरचा पहिला मालक फोन उचलत नाही.

डाव्या पायाला क्लच जमत नाही, लहानपणापासूनच.
म्हणून ही ऑटोमॅटिक.
सेलूपर्यंत शाळा तपासायला मी मला घेऊन जाते,
हे वाक्य म्हणायला चाळीस वर्षं लागली.
आता दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना ती अडखळते.
ते अडखळणं मी ओळखते.

नांदेडचा शोरूमवाला म्हणाला,
मशीन लावून सगळं धुऊन काढू, अकरा हजार.
दीर म्हणाले, हात लावू नका वहिनी,
जुनं तेल काढलं की गाडी बसते,
आमच्या साडूची बसली.
(बसत आली होती म्हणूनच काढलं ना,
जाऊबाई स्वयंपाकघरातून.)

जिंतूर रोडला मुजीब मिस्त्री.
इंजिन चालू ठेवून त्यानं काडी ओढली,
हजेरीच्या कागदाच्या कोऱ्या बाजूला थेंब टेकवला.
नवं असतं लाल अंबाडीच्या बोंडासारखं.
ही काकवी.
"सुंघा."
करपल्याचा वास नव्हता.
म्हणजे उशीर झालाय, फार नाही.

"धुवायचं नक्को मॅडम.
कोनाकोपऱ्यातला गाळ उठंल, बारीक वाटांत जाऊन बसंल.
खालचा बोल्ट खोलू, येईल तेवढं येऊ द्या,
तेवढंच नवं भरू.
बाकीचं राहू द्या आत.
हजार किलोमीटरनं पुन्हा या."

आणि बिघडली तर?
तो चिंधीला हात पुसत राहिला.
"न बदलताबी बिघडंल कधीतरी.
मग म्हणाल, बदलायला पायजे होतं."

घमेल्यात धार, आधी जाड, मग सुतासारखी.
पाण्याच्या बाटल्यांनी मोजलं :
साडेतीन लिटर, वर दोन घोट.
चुंबकावर राखाडी पीठ, बोटाला मऊ.
कण असते तर वाईट, पीठ चालतं, मुजीब म्हणाला.
माझ्या गुडघ्याला डॉक्टर नुसतंच झीज म्हणतात.

त्याच कागदावर आकडा लिहिला : १,१८,४१२.
वसमत रोडला लागले.
दुसऱ्यावरून तिसऱ्यावर...
हिसका आहे.
कमी झालाय, की मला वाटतंय?
रेडिओ बंद केला, काचा वर केल्या,
आणि नीट ऐकायला म्हणून
काम नसताना त्रिधारा पाटीपर्यंत गेले.