वहीतलं शेवटचं नाव

घणसोलीच्या खाडीकडे, टॉवरांच्या पाठीमागे
एक तळं आहे जिताड्यांचं. खाजगी.
तारेच्या फाटकाला सायकलची ट्यूब बांधलेली.

मी हाक मारली. बाई कोळंबी सोलत होत्या.
गळ्यातली दुर्बीण बघून म्हणाल्या,
"जा. पन तिकरं बांधाव नको,
टिटवी बसलेय."

तो बांध सोडला.
मोबाइलमधली शीळ खिशातच ठेवली,
उन्हाला पाठ देऊन बसले चिखलात
आणि लिहीत गेले:
शेकाट्या अकरा, तुतारी चार,
खंड्या एक, त्याच्या चोचीत
बाईंच्याच तळ्यातलं पिल्लू.
त्यांनीही पाहिलं. बोलल्या नाहीत काही.

निघताना ट्यूब बांधली
होती तशी, दोन वेढे.
रिक्षाची वाट बघत वही चाळली:
सत्तावीस नावं.
बाईंचं नाही.

परत गेले. फाटकाबाहेरूनच विचारलं.
"माजा नाव कनाला? मी काय पाखरू हाव?"
हसल्या. एक साल टोपलीत टाकलं.
"लिव. बारकूबाई मढवी."

अठ्ठाविसावी नोंद, नऊ वाजून दहा.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: रहिवासी.
पेनाची शाई घामाने थोडी पसरली.

बांधावरची टिटवी
उठली नव्हती अजून.