प्रश्न क्रमांक अकरा

बांबोळीच्या अतिदक्षता विभागात
माझं काम एवढंच:
डोक्यावर एकोणीस ठिकाणी पेस्ट लावायची,
वायरी जोडायच्या,
आणि रेषा निजेपर्यंत जागायचं.

जुझे मिंगेल वाझ, वय एकाहत्तर.
पहाटे तीन बावन्नला हृदय थांबलं.
छाती दाबू नका, अशी घरच्यांची सही होती,
सगळ्यांनी हात मागे घेतले.
मी यंत्र बंद करायला विसरले.
खरं म्हणजे विसरले नाही.

सपाट व्हायच्या रेषा
उसळल्या.
बारीक, दाट, घाईघाईच्या,
कानांच्या मागे,
जिथं माणूस चेहरे ओळखतो म्हणतात.
बावीस सेकंद.
मग काही नाही.

डॉक्टर लवंदे म्हणाले, स्नायूंची थरथर असेल.
मग म्हणाले, नसेलही.
मग बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

बाहेर बाकावर त्याची बायको, पिएदाद.
"बाय, ताका कितें दिसलें?"
माझ्या हातात कागद, प्रिंटरमधून निघालेला, अजून कोमट.
मी म्हटलं, हे यंत्र भिंतीला कान लावतं फक्त.
पलीकडे बोलणं चाललंय एवढं कळतं,
शब्द नाही कळत.
ती म्हणाली,
म्हणजे कोणीतरी होतं तिथं.

हे मी अहवालात लिहिलं नाही.

मे महिन्यात फॉर्म घेऊन चोडणला गेले.
बाबनी हळर्णकर: साडेचार मिनिटं गेलेला, परत आलेला.
आता ओट्यावर बसून जाळं सांधत होता,
सुई दातांत.
प्रश्न क्रमांक अकरा. प्रकाश दिसला का?
होय, नाही, सांगता येत नाही.
"दिसलो," तो म्हणाला. "पेट्रोमॅक्साचो."

आंवशेची रात्र, खाजनातलं मानस.
ओहोटी लागली की दार आपसूक उघडतं
आणि आत तुंबलेलं सगळं पाणी
एकदम नदीकडे धावत सुटतं,
सुंगटं, शेवटो, गवत, कुणाची तरी चप्पल, सगळं.
जाळं त्याच्या हातात. एवढं जड
की हात आपले आहेत हेच कळेना.
भीती?
भीती कसली, म्हणाला, एवढं मासळं आयुष्यात बघितलं नव्हतं.

प्रश्न चौदा. परत कोणी बोलावलं का?
"कोणी नाही. भरती आली. दार लागलं."
थोडं थांबून:
"मग तुमचे ते पांढरे दिवे."
हे त्यानं जरा तक्रारीनंच सांगितलं.

अकरावर 'होय'ला खूण केली.
समासात लिहिलं: पेट्रोमॅक्स.
फॉर्ममध्ये ओहोटीला रकाना नव्हता.

निघताना त्याच्या सुनेनं प्लास्टिकच्या पिशवीत
पावशेर सुंगटं दिली, नको नको म्हणताना.
फेरीबोटीत पिशवी मांडीवर.
आत काहीतरी हललं.
पुन्हा हललं.
स्नायूंची थरथर असेल.
नसेलही.

रायबंदरच्या धक्क्याला लागेपर्यंत
मी गाठ सोडली नाही.